धरणावर राहिलेलं कुलूप

मेंटेनन्सवाल्यांकडं किस्से कधी कमी पडत नाहीत. मशीन चालू असलं की आमच्याकडं कुत्रंही बघत नाही, आणि बंद पडलं की अख्खी कंपनी आमच्या डोक्यावर येऊन उभी राहते. त्या गर्दीत कुणीतरी काहीतरी बोलतं, कुणीतरी नको ते बटन दाबतं, आणि एक किस्सा तयार होतो. वीस वर्षांत असे इतके साठलेत की बजाजनगरच्या टपरीवर आम्ही बसलो की चहावाला आधीच बजावतो, "जुना सांगू नका, तो मी ऐकलाय!"

या मे महिन्यात आम्ही चौघं एका दिवसासाठी धरणावर गेलो होतो. त्याचेही किस्से झाले. पण ते सांगताना मला हसू कमी आणि राग जास्त येतो. तसा मला राग लवकरच येतो. बायको म्हणते, "तुम्ही झोपेतसुद्धा कुणावर तरी खेकसता." असेल! पण आधी ऐका, आणि मग सांगा, खेकसायला नको का?

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. मी बाळू. टूल रूमच्या खिडकीत बसतो. पाना, ड्रिल, कटर, जे लागेल ते माझ्याकडून रजिस्टरवर सही करून न्यायचं. सलीमभाई वेल्डर, वयानं आमच्यात मोठा, शहागंजकडचा. संतोष आमच्यातलाच फिटर, पण दोन वर्षांपासून साहेबांच्या मागंमागं फिरतो, म्हणून त्याला सगळे 'साहेबांचा संतोष' म्हणतात. आणि चौथा गजू, इलेक्ट्रिशियन. हे सगळे किस्से खरं तर गजूच्या कुलपाचे आहेत.

* * *

आमच्याकडं एक नियम आहे. मशीनच्या आत हात घालायचा असेल तर आधी त्याचं मेन बंद करायचं, त्यावर आपलं लाल कुलूप लावायचं आणि कुलपाला आपलं कार्ड अडकवायचं. कार्डावर फोटो, नाव, डिपार्टमेंट, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हे कुलूप काढू नका. माझा जीव यावर आहे.' चावी एकच. ती ज्याची त्याच्या खिशात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं.

ट्रेनिंग द्यायला पुण्याहून एक पाहुणे आले होते. म्हणाले, "प्रत्यक्ष मालक आला तरी चावी द्यायची नाही!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मालक पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता!

गजूच्या हाडात हा नियम भिनला. एकदा सुट्टीत बदलायचा राहिलेला पंखा त्यानं घरी दुपारी काढायला घेतला. मेन बंद केलं, कुलूप लावलं, कार्ड अडकवलं. पंखा बसवून होतोय तोवर सेकंड शिफ्टची बस यायची वेळ झाली. गजू डबा उचलून पळाला. चावी खिशात, कुलूप मेनवर, घरात ऐन उन्हाळ्याची दुपार आणि जालन्याहून आलेले पाहुणे!

वहिनींचा फोन आला. गजू म्हणाला, "शिफ्ट सुटली की येतो. तोवर हात लावू नको. कार्डावर काय लिहिलंय ते वाच."

"वाचलं! जीव यावर हाय म्हनं. कुनाचा, तुमचा का आमचा?"

आणि वहिनींनी खलबत्त्यातल्या बत्त्यानं तीन घावांत कुलूप तोडलं! तेव्हापासून गजू काहीही विसरला की आम्ही ओरडायचो, "बत्ता आणा रे!"

* * *

हसून झालं असेल तर पुढचं सांगतो.

गेल्या दिवाळीच्या आधी कन्व्हेयरची केबल बदलायला गजू आत शिरला. मेनला कुलूप, कार्ड, सगळं रीतसर. बाहेर माल भरायला गाडी येऊन थांबलेली. साहेब पॅनेलपाशी आले आणि ओरडले, "लाईन बंद का आहे?" कुणीतरी सांगितलं, आत काम चालू आहे. साहेबांनी वाकून बघण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही.

पाच मिनिटांनी लाईन चालू झाली. गजूच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची दोन.

चौकशीत साहेबांनी सांगितलं की मेनला कुलूप नव्हतंच. गजूनं ते स्वतःच काढलं आणि मग विसरून पुन्हा आत हात घातला. तुटलेलं कुलूप कुणाला सापडलं नाही. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा! गजूला वाटायचं, साहेबांकडं दुसरी चावी असणार. तो दवाखान्यातून परत आला तेव्हा कंपनीनं त्याला नवं कुलूप दिलं, नवं कार्ड दिलं. कुलपाच्या बदल्यात कुलूप. बोटांच्या बदल्यात काय? कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर फुलांचा गुच्छ! तोही त्यानं डाव्या हातानं घेतला.

दुसरी चावी नव्हती. मला माहीत होतं. त्या दिवशी संतोष पळत माझ्या खिडकीशी आला होता.

"बाळूभाऊ, मोठा कटर दे!"

"कशाला?"

"सायबांनी मागितलाय."

"सही कर."

"घाई हाय, मागून करतो."

आणि मी दिला. सहीशिवाय कुणाला साधा स्क्रूड्रायव्हर न देणारा मी, 'साहेब' हा शब्द ऐकला आणि लोखंडी कटर खिडकीतून पुढं सरकवला. चौकशीत मला विचारलं, "त्या दिवशी कटर कुणी नेला होता?" मी म्हणालो, "रजिस्टरला नोंद नाही." हे खोटं नव्हतं. म्हणून तर स्वतःचा जास्त राग येतो. सहा महिने मी गजूबरोबर एका बाकावर डबा खाल्ला, आणि हे त्याला सांगितलं नाही.

* * *

मे महिन्यात संतोषच्या डोक्यात धरणाची ट्रिप आली. "गजूला तेवढाच हवाबदल. कन्नडच्या पुढं जंगल हाय, धरण हाय. सायेब सोताची गाडी द्यायलेत!"

सलीमभाईनं विडी विझवली. "साहब अपनी गाडी दे रे? कायकू? पिछले साल मेरे कू चक्कर आई तो स्ट्रेचर भी नहीं दिये!"

शुक्रवारी आमची सुट्टी असते. सकाळी सहाला निघालो. संतोषनं गजूला पुढच्या सीटवर बसवलं, एसीचं तोंड त्याच्याकडं वळवलं, पाठीला उशी दिली. मी मागं बसून बघत होतो आणि माझं डोकं तापत होतं. दोन वर्षांत या माणसानं गजूला कधी चहा विचारला नव्हता.

कन्नडला नाश्त्याला थांबलो. गरम भजी आली, तळलेल्या मिरच्या आल्या. संतोषनं एक भजं फुंकून फुंकून गार केलं आणि गजूच्या तोंडाशी नेलं.

गजू म्हणाला, "संतोष, बोटं गेलीत. तोंड हाय."

* * *

मेंटेनन्सच्या माणसाला जंगलात नेऊ नये. त्याला झाडं दिसत नाहीत, नटबोल्ट दिसतात.

धरणाच्या अलीकडं जंगलात पाखरं बघायला एक लोखंडी मनोरा उभा केलाय. वर चढलो तर कठडा हातात येतोय की काय इतका हलत होता. संतोष सेल्फी काढत होता. सलीमभाईनं मात्र खिशातून पाना काढला (तो लग्नालासुद्धा पाना घेऊन जातो) आणि एकेक नट आवळायला बसला. गजू त्याला डाव्या हातानं बोल्ट धरून देत होता.

खालून शिट्टी वाजली. खाकी कपड्यातला एक रखवालदार तणतणत वर आला. "काय चाललंय? सरकारी मालमत्ता आहे ही! नट आवळायची परवानगी कुठंय?"

सलीमभाई घाम पुसत म्हणाला, "साहब, ढीला रखने की परवानगी तुमकू किसने दिया वो कागज दिखाओ. दोनों कागज साथ में देख लेंगे."

रखवालदारानं कठडा हलवून बघितला. आता हलत नव्हता. तो हळूच म्हणाला, "पलीकडच्या बाजूचे चार राहिलेत."

* * *

धरणावर पोहोचलो तर मे महिन्यामुळं पाणी खाली गेलेलं, काठाला चिखल वाळून भेगा पडलेल्या. आणि त्या काठावर शहरातून आलेले पंधरा-वीस जण! दोन गाड्यांची दारं उघडी, खोक्याएवढा स्पीकर बॅटरीला जोडलेला, आणि असं दणादण वाजतंय की पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा उठून गेलेले. पत्रावळ्या पाण्यात, बाटल्या पाण्यात, एक जण तर गाडीच पाण्यात घालून धूत होता. मी गेलो आणि सरळ म्हणालो, "लोक पितात हे पाणी! आवाज बंद करा आणि गाडी बाहेर काढा!"

"काका, धरण तुमच्या बापाचं आहे का?"

माझा हात उठलाच होता. सलीमभाईनं तो धरला आणि मला मागं ओढलं. मग अगदी गोड आवाजात त्या पोरांना म्हणाला, "भाई, एक छोटी बात. ये वायर कटेली है. पानी के नजदीक शॉक मारती. हमारे भाई का देखो." आणि त्यानं गजूला पुढं केलं. गजूनं उजवा हात वर केला.

दोन मिनिटांत स्पीकर बंद! पाचव्या मिनिटाला गाड्या चालू!

गजू हसत सुटला. अपघातानंतर मी त्याला पहिल्यांदा इतका हसताना बघितलं. म्हणाला, "चला, बोटं कुनाच्या तरी कामाला आली." सगळे हसले. मी हसलो नाही.

* * *

पण तारेचं नाव निघालं, आणि गजूतला इलेक्ट्रिशियन जागा झाला. आम्ही पोहायला कपडे काढेपर्यंत तो काठावर फिरून आला. थोड्या अंतरावर एका खांबाला मोटारीची पत्र्याची पेटी होती. तिथून एक केबल सरळ पाण्यात गेलेली, आणि मध्ये वीतभर जागी तिचं वरचं कातडं निघालेलं.

"कुनी पाण्यात उतरायचं नाय!" गजू ओरडला. त्यानं पेटीतलं मेन खाली पाडलं, पेटीचं दार लावलं, कडीला आपलं लाल कुलूप घातलं आणि कार्ड अडकवलं. नवं कुलूप मिळाल्यापासून तो ते कायम खिशात घेऊन फिरायचा. कंपनीत आता त्याला मशीनला हात लावू देत नव्हते, तरीही. "आता उतरा!"

बरोबर केलं त्यानं. मोटार कुणा शेतकऱ्याची असेल, दोन तास बंद राहिली तर काय बिघडतं, असा आम्ही विचार केला. खरं तर तेवढाही केला नाही.

तासभर पोहलो. गजूनं अंग पुसून टॉवेल एका दगडावर वाळत टाकला. सलीमभाईनं गोवऱ्यांवर बट्टी भाजली, मी डाळ केली, कांदा फोडला. भूक सपाटून लागलेली. संतोष म्हणाला, "थांबा, मी मीठ आनतो गाडीतून," आणि पिशवी घेऊन आला. पिशवीतून त्यानं मीठ काढलं, कोथिंबीर काढली, एक टाईप केलेला कागद काढला, आणि शाईचं निळं पॅड काढलं!

* * *

कागदावर लिहिलं होतं, 'कुलूप मी स्वतः काढले होते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली गजूच्या सहीची जागा. त्याखाली साक्षीदार म्हणून माझं नाव, आधीच टाईप केलेलं!

संतोष बट्टी चुरता चुरता सांगत होता. "उद्या तीन वाजता शेवटची चौकशी हाय. सही केली की स्टोअरमधी खुर्चीवरचं काम, पगार चालू. नाय केली तर निष्काळजीपना म्हनून घरी बसवनार. तुझ्याच भल्याचं हाय, गजू. दोन लेकरं हायेत तुला."

सलीमभाईनं हातातली बट्टी खाली ठेवली. "सही कायसे करेगा ये? उंगलियाँ तो कंपनी में जमा हैं!"

"म्हनून तर पॅड आनलं," संतोष म्हणाला. "अंगठा चालतो."

तो हे चेष्टेत म्हणाला नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण सगळा विचार करून आलोय.

गजूनं कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडं बघितलं. "बाळू, तू काय म्हनतू? म्या नाय काढलं कुलूप, पन सिद्ध कसं करू? करून टाकू का अंगठा?"

तिथं, त्या क्षणी मला बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. समोर संतोष बसलेला, त्याची नजर माझ्यावर. मला माझं रजिस्टर दिसलं, माझी खिडकी दिसली, माझ्या पोरीची इंजिनिअरिंगची फी दिसली. मी म्हणालो, "तुझं तू बघ बाबा."

आणि मग मी डाळीच्या पातेल्याला लाथ मारली! पातेलं घरंगळत पाण्यात गेलं. मी संतोषला आईबापावरून शिव्या घातल्या, साहेबांना घातल्या, त्यांच्या गाडीच्या टायरला दगड मारला. सगळ्यांना वाटलं, बाळूभाऊ गजूसाठी किती भडकला. कसलं काय! ओरडणं मला कायम सोपं गेलंय. बोलणं जमत नाही.

गजूनं कागदाची घडी करून खिशात ठेवली. "उद्या सांगतो," म्हणाला. कुणी जेवलं नाही. भांडी तशीच गाडीत फेकली आणि निघालो.

* * *

शनिवारी सकाळी आठला गजूचा फोन. "बाळू, घात झाला. चावी खिशात हाय अन् कुलूप धरनावर राह्यलं!"

माझं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. "राहू दे ना! आज तीनला तुझी चौकशी आहे आणि तू कुलपाचं काय घेऊन बसलास? कुणीतरी दगड घालून तोडलं असेल एव्हाना!"

"तोडलं असलं तर बरंच हाय. पन नसलं तोडलं तर?"

"बत्ता काय फक्त तुझ्याच घरी असतो का?"

पण तो ऐकेना. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं! तिघांचीही सेकंड शिफ्ट होती, म्हणून शेवटी सलीमभाईनं आपली जुनी ओमनी काढली. वेरूळच्या पुढं गेल्यावर सलीमभाई एकदाच बोलला. "उधर ऊपर धनगरां की बस्ती है, मियाँ. मोटर उन्हीच की होंगी." मग मी तास मोजले. काल दुपारपासून आज साडेअकरापर्यंत, मे महिन्यात, मेंढरांच्या वस्तीला पाणी नाही. मी मनात माराची तयारी केली. दहा-वीस माणसं काठ्या घेऊन उभी असतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

माणसं होती. पण आमच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

सात-आठ बाया डोक्यावर हंडे घेऊन काठावरून वर वस्तीकडं चढत होत्या. सिमेंटचा हौद कोरडा पडलेला, आणि वस्तीवरची पोरं मेंढरं चिखलातून पाण्याशी नेऊन परत आणत होती. चार गडी छातीइतक्या पाण्यात उतरलेले. त्यांच्या हातात लांब बांबू, बांबूंना लोखंडी आकडे. ते तळ चाचपत होते. काठावर, गजूच्या टॉवेलाशेजारी, एक म्हातारी बसलेली.

खांबावर कुलूप तसंच होतं. एक ओरखडासुद्धा नव्हता. फक्त गजूचं कार्ड म्हातारीच्या हातात होतं.

तिनं गजूकडं बघितलं. मग कार्डाकडं. पुन्हा गजूकडं. उठली, आली, आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं.

"ह्योच हाय त्यो! अरं, जित्ता हाय! निघा रं बाहेर समदे, माणूस जित्ता हाय!"

पाण्यातले गडी तिथंच उभे राहिले. एकानं बांबू सोडून दिला आणि तोंडावर पाणी मारून घेतलं.

म्हातारीची सून पुढं आली. तिनंच कार्ड वाचून दाखवलं होतं. काल संध्याकाळी मोटार लावायला आले तर कुलूप, कार्ड, आणि दगडावर टॉवेल. माणूस कुठंच नाही. "फोन नंबर म्हनून खाली तीनच आकडे हायेत," ती म्हणाली. "लई बारी लावून बघितला. लागतच नाय." तो आमचा कंपनीतला इंटरकॉम नंबर होता.

गजू खिशात चावी चाचपायला लागला. मीच म्हणालो, "मावशी, अहो एक दगड घालायचा ना! कुलूप तोडून मोटार चालू करायची! मेंढरं तहानलेली, बाया हंडे वाहतायत..."

"आसं कसं तोडावं?" म्हातारी माझ्यावरच डाफरली. "त्याचा जीव ह्याच्यावर हाय म्हनून लिव्हलंय न्हवं? त्यो खाली पायपापाशी असला अन् आमी बटन दाबलं तर? पोरं म्हनली, आता मेलाच असंल. म्या म्हनलं, मेला असला तरी कुलूप त्याचं हाय. त्यो यील न्हाय तर त्याचं कुनी यील, तवाच निघंल. तवर वाहू पानी डोक्यावर!"

गजूनं डाव्या हातानं कुलूप काढलं. सलीमभाईनं केबलला पट्टी गुंडाळली, मेन वर केलं. हौदात पाणी पडायला लागलं आणि मेंढरं तिकडं धावली. तेवढ्यात म्हातारीचं लक्ष गजूच्या उजव्या हाताकडं गेलं.

"ही बोटं कशानं गेली रं?"

"आसंच कुलूप लावलं व्हतं, मावशी. कंपनीत. कुनीतरी काढलं."

"कुनी?"

गजूनं खिशातून तो कागद काढला. "ह्याच्यावर लिवलंय, म्याच काढलं म्हनून."

"तू काढलं व्हतंस का?"

"नाय."

"मंग कुनी काढलं?"

गजूनं कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. हौदात पाणी पडत होतं.

मी म्हणालो, "साहेबांनी तोडायला लावलं, मावशी. संतोषनं तोडलं. कटर मी दिला."

गजूनं माझ्याकडं बघितलं नाही. तो हातातल्या कुलपाकडं बघत होता. म्हातारीनं मात्र मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"मंग मला कशाला सांगायलास? जिथं सांगायचं तिथं जाऊन सांग की!"

परत निघताना गजू पुढं बसला नाही. मागं येऊन माझ्याशेजारी बसला. चौकशी तीनची होती. आम्ही अडीचलाच जाऊन बसलो.